तिसरी गल्ली, आज नाही

साक्षीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज लॅपटॉपवर भरायचं चाललं होतं, तेव्हा ‘आईचा व्यवसाय’ असा एक रकाना आला. साक्षीनं मान वर न करता विचारलं, “आई, काय टाकू?” दिपमाला ओट्याशी कणीक मळत होती, निम्मं लक्ष मोरीतल्या नळाकडे होतं, आणि ती बोलून गेली, “पाणी भरते.” साक्षी आधी हसली. मग दिपमालाही हसली. खाटेवर बसून लसूण सोलणाऱ्या रुक्माबाई, तिच्या सासूबाई, काय झालं ते न कळताच त्या हसण्यात सामील झाल्या. साक्षीनं ‘गृहिणी’ निवडलं आणि ती पुढच्या रकान्याकडे गेली. तेवढंच. पण कणकेवर ताट झाकताना दिपमालाला जाणवलं की आपण विनोद केला नव्हता. झोपेतून उठवून कुणी नाव विचारलं तर माणूस जसं खरं नाव सांगतो, तसं ते उत्तर आतून आलं होतं. दुःख म्हणावं तर तसं काही नव्हतं. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी आणि पाऊल नुसतंच खाली पडावं, तेवढा तो धक्का होता. मग तिनं तवा ठेवला, पोळ्या केल्या, साक्षीनं दोन जास्तच खाल्ल्या. दिवस चांगला गेला. फक्त अधूनमधून, काही कारण नसताना, ते पाऊल पुन्हा खाली पडत राहिलं.

धुळ्याच्या कडेला, जिथे शहर संपून कापसाची शेतं सुरू होतात, तिथे त्यांची कॉलनी होती. आठ गल्ल्या, सगळ्यांची मिळून एक विहीर, एक उंच टाकी आणि हे सगळं सांभाळणारे वना नाना. वीज मिळेल तशी मोटर चालायची, टाकी भरेल तशा गल्ल्या सुटायच्या. कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या, कधी ध्यानीमनी नसताना तिसऱ्याच. सकाळी सातला नाना टाकीच्या शिडीवर चढून आत डोकावत आणि आज कोणत्या गल्ल्या सोडायच्या ते त्यांच्या मनात ठरून जाई. ते मनातच राही. मग आठपासून चारपर्यंत केव्हाही दिपमालाच्या तिसऱ्या गल्लीत नळ फसफसायचा आणि अर्ध्या तासात दोन ड्रम, मोरीतली टाकी, नऊ हंडे, पातेली, पिंप, जे असेल ते भरून घ्यायचं. चुकलं तर पुढचे चार दिवस शेजारणीकडे बादली घेऊन जायचं. सोळा वर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात तक्रार करण्यासारखं तिला काही वाटत नसे. पाणी भरण्याचे कष्ट तिला कधी जड गेले नाहीत, उलट भरलेल्या हंड्यांची ओळ पाहिली की छातीत काहीतरी स्थिर होई. जड गेले ते पाण्याचे दिवस नव्हेतच. जड गेले ते ‘आज येईल कदाचित’ असले दिवस, आणि नीट पाहिलं तर आयुष्यात तेच जास्त होते. अशाच एका आठवड्यात दाढ दुखत असताना ती दवाखान्यात जाणं पुढे ढकलत राहिली आणि शेवटी दाढ काढावी लागली. भावाच्या साखरपुड्याला ती जेवणाच्या पंगतीतून उठून आली होती, आणि आल्यावर पाणी आलंच नव्हतं.

तिचा नवरा धम्मपाल जळगावला पाइपच्या कारखान्यात पाळीप्रमुख होता, तिथेच मेहरूण भागात एक खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. माणूस शांत. घरी आला की हंडे स्वतः घासून ठेवायचा. तो कधी म्हणाला नव्हता की तू नोकरी करू नकोस. कुणीच म्हणालं नव्हतं, आणि त्यामुळेच सुटलेल्या नोकरीबद्दल कुणावर रागावताही येत नव्हतं. दिपमाला बी.एस्सी. झाली होती, कॉम्प्युटर घेऊन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेव्हा दोन मुलींना मिळून एक यंत्र असे, आठवड्यातून दोन तास. म्हणून ती प्रोग्रॅम वहीत लिहायची, शाईच्या पेनानं, आणि डोक्यातच चालवून बघायची. बसस्टॉपवर उभी राहून ती एकेक ओळ मनात पुढे सरकवायची, इथे हा आकडा पाच झाला, इथे सहा, इथून परत वर. प्रयोगशाळेत बसल्यावर तिचा प्रोग्रॅम बहुतेक पहिल्या फटक्यात चालायचा आणि सर म्हणायचे, “बैसाणे होईल तेव्हा होईल, ही आत्ताच इंजिनिअर आहे.” बैसाणे हे धम्मपालचं आडनाव. लग्न ठरलं होतं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. साक्षी चार वर्षांची झाली तेव्हा सुनंदाबाईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायला जाऊ लागली, सकाळी नऊ ते बारा. तेरा दिवस गेली. चौदाव्या दिवशी अकराच्या सुमाराला पाणी आलं, घरात रुक्माबाई एकट्या, भरलेला हंडा उचलताना त्या मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात त्या एकच वाक्य दहा वेळा बोलल्या, “तुनी काही चूक नही व बेटा.” दहा वेळा ऐकल्यावर ते वाक्य हळूहळू उलटं ऐकू येऊ लागतं, हे दिपमालाला त्या वेळी कळलं. तिनं सुनंदाबाईंना फोन केला आणि पुन्हा गेली नाही.

साक्षी नाशिकला हॉस्टेलवर गेली तेव्हा तिच्यासाठी नवा लॅपटॉप आला आणि जुना कपाटात, शालींच्या खाली जाऊन बसला. दोन आठवडे तो तिथेच होता. एका सकाळी, आठ वाजून गेले होते, आणि तो दिवस अर्थातच ‘आज येईल कदाचित’ असला होता, दिपमालानं तो बाहेर काढला, पुसला आणि स्वयंपाकघरातल्या लहान टेबलावर ठेवला. नाना सकाळी सातला जे बघतात ते सगळ्या गल्ल्यांना सात वाजून एक मिनिटानं कळलं पाहिजे. हा विचार तिला सुचला असं म्हणणंही बरोबर नव्हतं. तो सोळा वर्षं तिथे होताच, फक्त ती त्याच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. तिनं साक्षीला फोन लावला.

“अगं, पण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे की कॉलनीचा,” साक्षी म्हणाली.

“त्यावर रोज शंभर जण सुप्रभात म्हणतात. आणि नानांना टाइप करता येत नाही. त्यांना एक बटण पाहिजे. मोठं.”

पलीकडे मागे मुलींच्या हसण्याचा आवाज. मग साक्षी म्हणाली, “तू करणार?”

“करून बघते.”

“मी करून देते ना, दिवाळीत आल्यावर.”

“नको,” दिपमाला म्हणाली, आणि तो ‘नको’ तिच्या अपेक्षेपेक्षा मोठ्यानं निघाला. “मला फक्त सुरुवात कुठून करायची ते सांग.”

सुरुवात म्हणजे फोनची अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ नावाचं अवजार आधी उतरवून घ्यायचं होतं. घरातलं इंटरनेट म्हणजे तिचा फोन, आणि फोनला दिवसाला दीड जीबीची मर्यादा. ते अवजार जवळजवळ एका दिवसाचा डेटा खाऊन आलं, त्यानंतर ते उघडल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं की आता आणखी काही भाग लागतील, एवढे, एवढे आणि एवढे. दुसरा दिवस. तिसरा दिवस. ती टेबलाशी बसून भाजी निवडायची आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकताना बघायची. वाट बघण्यात आपण पारंगत आहोत हे तिला ठाऊक होतं, पण ही वाट वेगळी होती. या वाटेला टक्के होते. चौतीस म्हणजे चौतीसच, आणि चौतीसनंतर पस्तीसच येणार होतं, ते कुणाच्या मनावर नव्हतं. तिला त्या पट्टीचा लोभ जडला. मध्येच करारनाम्याची पानं आली, ‘मान्य आहे’ म्हणा. तिनं त्यातली सुरुवातीची दोन पानं खरोखर वाचली, इंग्रजी शब्द अडखळत, कारण न वाचता मान्य म्हणण्याची तिला लाज वाटली. तिसऱ्या पानावर लाज संपली. यूट्यूबवर एक मुलगा हिंदीत सांगत होता की अमुक आवृत्तीचं जावा आधी वेगळं टाका. दुसरा सांगत होता की टाकू नका, ते आता आतच असतं. दोघंही ठाम होते. दिपमालानं दोघांचं ऐकून घेतलं आणि स्टुडिओच्या पडद्यावर जे लिहिलं होतं तेच केलं. कॉलेजात असताना सर म्हणायचे तेच, यंत्र काय म्हणतंय ते आधी वाच. एवढ्या वर्षांनी ते सरांच्या आवाजातच आठवलं, खडूच्या वासासकट, आणि त्या बाकाची थंडी मांड्यांना जाणवली.

मग तिनं पहिला रिकामा प्रकल्प उघडला आणि लाल ओळ आली. नंतर लाल ओळी पुष्कळ आल्या, पण पहिली ती पहिलीच. आपण काहीतरी फोडलं असंच तिला वाटलं. तिनं ती ओळ वहीत उतरवून घेतली, शब्दाला शब्द, आणि मग वाचली. प्रकल्पाच्या मार्गात अशी अक्षरं आहेत जी इंग्रजी नाहीत, ती इथे चालणार नाहीत, प्रकल्प दुसरीकडे हलवा, असा एकूण अर्थ होता. तिला काही वेळ कळलंच नाही. तिनं तर एक अक्षरही मराठीत टाकलं नव्हतं. मग तिनं तो मार्ग बोट ठेवून वाचला, फोल्डरच्या आत फोल्डर, आणि मधोमध एक शब्द देवनागरीत होता. साक्षी. सातवीत असताना लॅपटॉप पहिल्यांदा घरात आला त्या संध्याकाळी साक्षीनं स्वतःचं नाव मराठीत टाकलं होतं, धम्मपालनं त्याचा फोटोही काढला होता. पाच वर्षं सगळं त्या नावाच्या आतच साठत गेलं होतं, आणि आता दिपमालाचा प्रकल्पसुद्धा, न विचारता, लेकीच्या नावाच्या पोटात जाऊन बसला होता. आपल्या अक्षरांना हे यंत्र नाही म्हणतं याचा तिला राग आला, चांगला खणखणीत राग, आणि तो आला याचं बरंही वाटलं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. तिनं थेट सी ड्राइव्हवर, सगळ्याच्या बाहेर, एक नवीन फोल्डर केलं. नाव द्या, असं यंत्र म्हणत होतं. कर्सर लुकलुकत होता. ती ‘पाणी’ असं इंग्रजी अक्षरांत लिहायला निघाली होती. मग थांबली आणि लिहिलं, डी आय पी एम ए एल ए. सात अक्षरं. नळाचं बिल सासऱ्यांच्या नावावर येत होतं, घर धम्मपालच्या, गॅस रुक्माबाईंच्या नावावर. हे काही तिनं मुद्दाम मोजलं नाही, आपोआपच डोक्यातून गेलं. आणि त्यात दुखलंही नाही. तिनं प्रकल्प तिथे हलवला आणि लाल ओळ गेली.

“काय व बेटा, त्या डबडामा काय देखी राहिनी सकायपाईन?” रुक्माबाई काठी टेकत येऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. दिपमालानं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. नाना टाकीत बघतात, ते फोनवर दाबतात, आपल्या फोनवर दिसतं. रुक्माबाईंनी सगळं ऐकलं. त्या शिंदखेड्याकडच्या एका गावात वाढलेल्या, आणि त्या गावाबद्दल त्या फारसं बोलत नसत. आज पडद्याकडे बघत, कुणाला सांगतोय असं न दाखवता, त्या बोलू लागल्या. “आम्ही न्हाना व्हतूत तव्हय घागर लिसन इहिरवर उभं ऱ्हावानं. आमना हात इहिरले लागाले नही जोयजे. कोनी भली बाई उनी, तिनं वरथीन वतं तं पानी. नही तं सकायपाईन दुपारलोंग उभं.” विहिरीला आपला हात लागायचा नाही, कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर सकाळपासून दुपारपर्यंत उभं. दिपमालाला हे ढोबळ माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं तसं. पण ‘कोनी भली बाई उनी’ हे तिला माहीत नव्हतं. सात वर्षांची एक मुलगी घागर घेऊन येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्याकडे बघत उभी आहे, यातली भली कोणती ते ओळखायचा प्रयत्न करते आहे, असं तिला एकदम दिसलं आणि ती रुक्माबाईंच्या हाताकडे बघत राहिली. त्या हातावर लसणाचं एक पातळ साल चिकटलेलं होतं. रुक्माबाईंनी ते झटकलं. “तू कर,” त्या म्हणाल्या. “बठ्ठासले एकच टाइमले कळाले जोयजे. मांगे-पुढे नको.” सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे, कुणाला आधी, कुणाला मागून नको. आणि मग, नेहमीच्या स्वरात, “चहा ठेव आते.”

पुढचा आठवडा खरं म्हणजे अडथळ्यांचाच होता, पण नंतर आठवताना तो तिला सुट्टीसारखा आठवायचा. लॅपटॉप जुना, त्याची स्मरणशक्ती तोकडी. पडद्यावर खोटा फोन उघडून त्यात अ‍ॅप चालवायची सोय होती, ती लावली की पंखा विमानासारखा घुमायचा आणि सगळं गोठायचं. साक्षी म्हणाली, नाद सोड, खरा फोन वायरनं जोड. मग ग्रेडल नावाचा एक भाग स्वतःहून इंटरनेटवरून आणखी सामान आणायला निघाला आणि निम्म्यात वीज गेली, परत आल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दिपमाला चिडली नाही. तिनं तेवढ्यात मटकी भिजत घातली. फोन जोडला तर लॅपटॉपला तो दिसेना. दोन दिवस ती फोनच्या सेटिंगमध्ये फिरत राहिली, प्रत्येक दार उघडून बघत. एकदा चूक आपलीच असणार, असं तिला वाटलं, ते जुनं वाटणं, दवाखान्याच्या बाकावरचं. ती उठून अंगणात जाऊन आली. शेवटी समोरच्या दिपक शिरसाठनं, जो मोबाइल दुरुस्ती करायचा, वायर हातात घेऊन सांगितलं, “वहिनी, ही नुसती चार्जिंगची वायर आहे. हिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही.” त्यानं दुसरी दिली. वायरीचा दोष होता. इतका मोकळा श्वास तिनं कितीतरी दिवसांत घेतला नव्हता. जगात काही गोष्टी नुसत्या वायरीमुळे अडलेल्या असतात, त्यात कुणी चुकलेलं नसतं, हे एवढं साधं कळायला चाळिशी यावी लागली म्हणून ती एकटीच हसली.

फोनला डेव्हलपरसाठीचं, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचं, एक दडवलेलं दार होतं. सेटिंगमध्ये खाली एक क्रमांक असतो, त्यावर सात वेळा बोट टेकवायचं. दिपमालानं टेकवलं. चार झाल्यावर फोन म्हणाला, आणखी तीन पावलं. दोन. एक. आणि मग पडद्यावर तळाला मराठीत एक ओळ उमटली, ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात!’ ती फोन हातात धरून उभी राहिली. सात वेळा बोट टेकवल्यावर हा फोन कुणालाही हेच सांगणार, वना नानांनाही, रुक्माबाईंनाही, हे तिला समजत होतं. तरी कानशिलं गरम झाली. ओळ दोन सेकंदांत विरली. तिला ती परत हवी होती म्हणून तिनं पुन्हा बोट टेकवलं, तर फोन म्हणाला, गरज नाही, तुम्ही आधीच डेव्हलपर आहात. वायर जोडली, अ‍ॅप चालवायच्या हिरव्या त्रिकोणावर क्लिक केलं. खालच्या पट्टीत काहीतरी धावलं, थांबलं, पुन्हा धावलं. बाहेर भाजीवाला मेथी ओरडत गेला. आणि मग टेबलावरच्या तिच्या फोनचा पडदा पांढरा झाला, कोपऱ्यात इंग्रजीत नमस्काराची एक ओळ, जी तिनं लिहिलेली नव्हती, जी सगळ्यांनाच मिळते. तिनं ती खोडली आणि त्या जागी मराठीत लिहिलं, ‘गल्ली तीन’. पुन्हा त्रिकोण. पुन्हा धावपळ. गल्ली तीन. इथे आत मराठी चालत होती. फक्त घराच्या पत्त्यात चालत नव्हती. वहीत लिहिलेला पहिला प्रोग्रॅम प्रयोगशाळेत चालला होता, त्या दिवशी तिनं काय केलं होतं ते तिला आठवलं नाही, पण आज तिनं फोन रुक्माबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून एकेक अक्षर लावत वाचला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं ते सावकाश वाचन. “आपलीच गल्ली शे,” त्या म्हणाल्या.

एका फोनवर दाबलेलं दुसऱ्या फोनवर दिसायला मध्ये एक सामाईक जागा लागते. ती कशी बांधायची हे साक्षीनं तीन रविवार फोनवर समजावलं आणि चौथ्या रविवारी ती म्हणाली, “आई, तू हे माझ्यापेक्षा नीट लिहिलंयस.” मग दिपमाला टाकीकडे गेली. वना नाना शिडीच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते, साठी ओलांडलेला, काटक, अबोल माणूस. तिला खरी भीती ही होती. नानांच्या मनात काय आहे हे कुणालाच माहीत नसणं, यातच नानांचा मान होता. त्यामुळे बायका त्यांना चहा द्यायच्या, पोरं हात करायची. तो मान आपण एका बटणात घालून काढून घेतोय का, असं तिला रस्ताभर वाटत होतं. तिनं फोन पुढे केला. आठ गल्ल्यांची आठ मोठी बटणं. गल्लीला पाणी येणार असेल तर दाबायचं, की त्या गल्लीच्या सगळ्यांच्या फोनवर ‘आज पाणी येणार’.

नानांनी बराच वेळ बघितलं. एक बटण दाबून पाहिलं. मग फोन तिच्याकडे परत दिला.

“येनार शे हाई काब्र सांगतस?” ते म्हणाले. “नही येनार, त्ये सांग.”

तिला कळलं नाही.

“येनार तं त्या घर ऱ्हातीसच. आतेबी ऱ्हातस. ज्या दिन नही येनार त्या दिनबी घरच बशी ऱ्हातस ना बिचाऱ्या. माले वरथीन दिखस बठ्ठं.” नानांनी टाकीकडे बोट केलं. “सातले माले माहीत ऱ्हास, या पाच गल्लीसले आज काही नही. तरी बठ्ठ्या दारमा उभ्या. मी कोनले कोनले सांगू? येक तोंड शे माले. तू ‘आज नही’नं बटन कर.”

येणार असेल तर त्या घरी राहतातच. येणार नसेल त्या दिवशीही दारात उभ्या राहतात, आणि हे वरून नानांना रोज दिसत होतं. ती घरी परतली तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत होतं. सोळा वर्षं तिला वाटत होतं की त्या उभं राहण्याकडे कुणाचंच लक्ष नाही. टाकीवर चढलेला एक माणूस रोज सकाळी ते पाहत होता, आणि त्याच्याजवळ फक्त तोंड एकच होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि बटणांचा अर्थ उलटा केला. काम सोपं होतं, एका ओळीचं. त्या ओळीशी ती बराच वेळ बसली.

अ‍ॅप आधी तिसऱ्या गल्लीच्या अकरा फोनांत गेलं, मग सगळीकडे. सुरुवातीला बायकांचा विश्वास बसेना. ‘आज नाही’ दिसलं तरी त्या घरात थांबायच्या, चुकून आलं तर, म्हणून. दिपमालाही थांबायची. सवय अंगातून काढायला आठवडे गेले. मग एका बुधवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला, ‘गल्ली तीन, आज नाही’, आणि नऊ वाजता ती कचरा टाकायला बाहेर आली तेव्हा गल्लीत समोरासमोर सहा दारांना कुलपं होती. शिरसाठांच्या, निकमांच्या, कोपऱ्यावरच्या ताईबाईंच्याही. कोण कुठे गेलं होतं ते तिला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरज नव्हती. ती त्या कुलपांकडे बघत राहिली. एरवी या वेळी दारादारात बायका दिसायच्या, आता नुसतं ऊन पडलं होतं. रुक्माबाई ओट्यावरून म्हणाल्या, “जाय ना तूबी कोठे.” “कुठे?” “माले काय माहीत. तुनं तू देख.” घरात हंडे कालपासूनच भरलेले होते, भाकरी टोपलीत होत्या, शेजारची सारिका दुपारी रुक्माबाईंकडे डोकावणार होती. दिपमालानं साडी बदलली, पर्स घेतली आणि रिक्षानं बसस्टँडवर आली. जळगावची गाडी लागलेली होती म्हणून ती जळगावच्या गाडीत बसली.

अडीच वाजता धम्मपाल पहिली पाळी संपवून मेहरूणच्या खोलीवर आला तर ती पायरीवर बसलेली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “काय झालं? आई बरी आहे ना?”

“बऱ्या आहेत. काही झालं नाही.”

“मग?”

“सहज आले.”

त्यानं कुलूप उघडेपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर वाळलेले दोन शर्ट, खिडकीतून लांबवर तलावाचा एक तुकडा. चौदा वर्षांत ती इथे तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा काहीतरी काम होतं. त्यानं खिचडी टाकली, तिला हात लावू दिला नाही. दोघं जमिनीवर बसून जेवली. तो कारखान्यातल्या नव्या यंत्राबद्दल सांगत होता आणि ती ऐकता ऐकता भांडी कुठे घासायची ते बघत होती, पण त्यानं ती उचलून नेली. मग तिला काय करावं ते कळेना. हात मांडीवर पडून राहिले, कुणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखे. “पड थोडी,” तो म्हणाला, आणि ती खाटेवर, त्याच्या उशीवर डोकं ठेवून, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाच मिनिटांसाठी.

जाग आली तेव्हा खोलीत तिरपं पिवळं ऊन आलं होतं. आपण कुठे आहोत, सकाळ आहे की संध्याकाळ, वार कोणता, ते तिला कळत नव्हतं. एरवी ती झोपायची तेव्हाही तिच्यातलं कुणीतरी उठून बसलेलं असायचं. आज ते झोपलं होतं. कुठेतरी पाणी वाहिल्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी नळाचा, कुणाच्या तरी बादलीत, आणि तो ऐकूनही ती उठली नाही. धम्मपाल दाराशी पाठ करून बसला होता आणि ती उठू नये म्हणून वर्तमानपत्राचं पान अगदी हळू उलटत होता.